आधी चोच, मग पाय: हंस ओळखायला शिकताना

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला पहिल्यांदा गेलो तेव्हा होडी काठापासून सुटून पाच मिनिटंही झाली नव्हती आणि मी ओरडलो, "ते बघा, हंस!" होडीवाल्या काकांनी तिकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "चक्रवाक हायेत ते, साहेब. हंस पुढं हायेत, लांब." अर्ध्या तासानं आभाळात व्ही आकार करून चाललेल्या पाणकावळ्यांना मी पुन्हा हंस करून टाकलं. आणि परतताना काठावरच्या वस्तीजवळ चार पांढरेशुभ्र पक्षी चरताना दिसले, तेव्हा आपल्याला काहीतरी दुर्मिळ सापडलं या आनंदात पन्नासेक फोटो काढले. मालकीणबाई काठी घेऊन त्यांना घराकडे हाकायला आल्या तेव्हा उलगडा झाला. पाळलेले होते.

तीन चुका, आणि तिन्हींचं मूळ एकच. मी आधी रंग किंवा थव्याचा आकार बघत होतो. हंसांमध्ये अंगाचा रंग सगळ्यात शेवटी बघायचा असतो, कारण बहुतेकांचं अंग राखाडी, करडं किंवा पांढरं, म्हणजे लांबून सारखंच. आधी चोच, मग पाय, मग डोकं आणि मान. ही सवय लागली की निम्मी लढाई संपते.

पहिली पायरी: आपण 'हंस' कुणाला म्हणतोय?

मराठीत हा शब्द फार मोकळा सुटलाय. सरस्वतीच्या चित्रातला नागमोडी मानेचा शुभ्र पक्षी हंस, हिवाळ्यात धरणांवर उतरणारा राखी पाहुणा हंस, आणि फार्महाउसच्या फाटकाशी पाहुण्यांवर धावून जाणारा तोही हंसच. पहिला म्हणजे इंग्रजीतला स्वान. तो भारतात अगदी क्वचित, चुकूनमाकून वायव्येच्या बाजूला दिसतो. महाराष्ट्रात तो शोधायला निघालात तर निराश व्हाल. दुसरा आणि तिसरा म्हणजे गूज. हा लेख त्यांच्याबद्दल आहे. गूजसाठी आपल्याकडे रोजच्या वापरातला वेगळा शब्द नाही, म्हणून मीही इथे हंसच म्हणतो.

गंमत म्हणजे आपल्या पूर्वजांनी हा गुंता आपल्याहून बरा सोडवला होता. अमरकोशात हंसांचे प्रकार सांगताना अमरसिंहानं काय पाहिलं? चोच आणि पाय. अंग पांढरं आणि चोच-पाय तांबडे तो राजहंस, चोच-पाय मळकट तो मल्लिकाक्ष, काळे तो धार्तराष्ट्र. त्याच्या जरा आधी कादंब म्हणजे कलहंस हेही येतं. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचा शब्दकोश, पण ओळखायची रीत आजच्या कुठल्याही पक्षी-मार्गदर्शकाला शोभेल अशी. यातलं कुठलं नाव आजच्या कोणत्या जातीचं, यावर अभ्यासकांचे वाद चालतात. नवख्यानं त्यात पडू नये. रीत मात्र उचलावी.

दुसरी पायरी: बदक की हंस?

दुर्बिणीत पक्षी आला की जातीचं नाव शोधायच्या आधी एवढंच ठरवा.

हंस बदकापेक्षा मोठा, मान लांब, आणि चोच मुळाशी उंच व टोकाकडे निमुळती. बाजूनं पाहिली तर जवळपास त्रिकोणी दिसते. बदकाची चोच बहुधा पसरट असते. हा फरक उगाच नाही. हंस गवत खातो. त्याच्या चोचीच्या कडांना करवतीसारखे दाते असतात, जिभेच्या कडाही खरखरीत; गवताचं पातं चिमटीत धरून तोडायला हे हत्यार बरोबर जमतं. म्हणून हंस पाहायचा तर पाण्यात कमी आणि काठावर जास्त शोधा. त्याचे पाय बदकापेक्षा अंगाच्या मध्याकडे असतात, त्यामुळे जमिनीवर तो फारसा हेलकावे न खाता, आपल्याच शेतातून फेरी मारणाऱ्या जाणत्या शेतकऱ्यासारखा चालतो. बरीचशी बदकं मात्र चालताना डुलतात.

दुसरं, नर आणि मादी. बहुतेक बदकांत हिवाळ्यात नर नटलेला आणि मादी मातकट. थापट्या किंवा तलवार बदकाची जोडी पाहा, दोन वेगळ्या जातींचे पक्षी वाटतात. हंसात नर-मादी दिसायला सारखे. नर किंचित मोठा, पण ते शेजारी शेजारी उभे असल्याशिवाय कळत नाही. जोडी वर्षानुवर्षं टिकते, पिल्लांना दोघं मिळून सांभाळतात, आणि पहिल्या हिवाळ्यात पिल्लं आईबापांबरोबरच प्रवास करून येतात. म्हणून हंसांचा थवा म्हणजे नुसती गर्दी नसते, कुटुंबांची जत्रा असते. नीट पाहिलं तर चार-पाच, सहा-सात असे गट वेगळे दिसू लागतात.

व्ही आकारावर मात्र भरवसा ठेवू नका. तो पाणकावळेही करतात, शराटीही करतात, रोहितही (फ्लेमिंगो) करतात. माझी दुसरी चूक हीच होती.

तिसरी पायरी: चोच आणि पाय

जगातले खरे हंस ढोबळमानानं दोन घराण्यांत बसतात. एक ॲन्सर घराणं: अंग बहुधा राखी-करडं, आणि चोच व पाय रंगीत, म्हणजे नारिंगी, पिवळे किंवा गुलाबी. दुसरं ब्रँटा घराणं: चोच काळी, पाय काळे किंवा गडद, आणि डोक्या-मानेवर काळ्या-पांढऱ्याची ठसठशीत रंगसंगती. महाराष्ट्रात तुम्हाला जे भेटतील ते पहिल्या घराण्यातले. अमेरिकेत किंवा कॅनडात राहत असाल तर दुसऱ्या घराण्याशी रोज गाठ पडेल.

तेव्हा दुर्बिणीतून पहिला प्रश्न: चोच रंगीत की काळी? दुसरा: पाय कुठल्या रंगाचे? पाय पाण्यात किंवा गवतात बुडालेले असतील तर थांबा. हंस चालल्याशिवाय राहत नाही.

पट्टकादंब: आपला हक्काचा पाहुणा

महाराष्ट्रात रानटी हंस दिसला की दहातल्या नऊ वेळा तो पट्टकादंब असतो. कुणी त्याला राजहंस म्हणतात, भिगवणचे होडीवाले बहुधा नुसतं हंस. हा एक नीट पाठ झाला की बाकीचे 'हा तो नाही' या एकाच कसोटीवर वेगळे काढता येतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पांढरं डोकं आणि त्यावर मागच्या बाजूनं दोन काळे आडवे पट्टे. वरचा लांब, एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे टाळूमागून जाणारा. खालचा आखूड, मानेच्या वरच्या टोकाला. मानेच्या दोन्ही बाजूंनी एक पांढरी पट्टी खाली उतरते आणि मानेची पुढची-मागची बाजू गडद असते. चोच पिवळी-नारिंगी, टोकाला काळा ठिपका. पाय नारिंगी. अंग फिकट राखी. लांबी ७१ ते ७६ सेंटिमीटर, वजन साधारण दोन ते तीन किलो. उडताना पंखांचा मोठा भाग फिकट आणि मागची कड काळी दिसते.

आता नवख्यांची नेहमीची अडचण. थव्यात काही पक्षी असे असतात की डोकं पांढुरकं, टाळू आणि मानेची मागची बाजू राखाडी-तपकिरी, आणि पट्टे मुळीच नाहीत. ही वेगळी जात नव्हे, ती याच वर्षीची पिल्लं. आकार, चोचीचा रंग आणि सोबत असलेले आईबाप यांवरून लगेच कळतं. 'पट्टे नसलेला पट्टकादंब' हे ऐकायला विचित्र वाटतं, पण हे एकदा लक्षात आलं की तुम्ही थव्याकडे नुसतं बघत नाही, थवा वाचायला लागता. बिनपट्ट्याचे किती, यावरून उत्तरेकडचा विणीचा हंगाम कसा गेला याचा अंदाज बांधता येतो.

उत्तरेकडे म्हणजे कुठे? मंगोलिया, तिबेट, चीनचा चिंगहाई प्रांत, आणि आपलं लडाख. त्सो मोरिरीच्या परिसरात पट्टकादंब घरटी करतात. तिथून हिवाळ्यासाठी ते दक्षिणेला उतरतात आणि मध्ये हिमालय आडवा येतो.

हा पक्षी एव्हरेस्टवरून उडतो असा मजकूर तुमच्या फोनवर कधीतरी आला असेलच. जुन्या गिर्यारोहकांच्या सांगण्यावरून ती गोष्ट पसरली. पुढे संशोधकांनी पट्टकादंबांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवून प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा सगळ्यात वरची नोंद ७,२९० मीटरची निघाली, आणि बहुतेक उड्डाण सहा हजार मीटरच्या खालीच होतं. एव्हरेस्ट आहे ८,८४८ मीटरवर. मला विचाराल तर खरी गोष्ट अफवेपेक्षा जास्त रंजक आहे. हे पक्षी एकदा उंची गाठून सरळ रेषेत जात नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की पुन्हा खाली उतरतात. ऐकायला हा उंची वाया घालवण्याचा प्रकार वाटतो, पण खालच्या दाट हवेत पंख मारायला कमी ताकद लागते, म्हणून एकूण हिशेबात फायदा होतो. त्यात ते बरंचसं उड्डाण रात्री आणि पहाटे करतात. तेव्हा हवा थंड, म्हणून आणखी दाट असते. शिवाय त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू इतर हंसांपेक्षा चांगला पकडतं. दक्षिणेहून परत जाताना हिमालयाची दक्षिणेकडची चढण ते सात-आठ तासांतही पार करतात. आपल्याकडच्या माणसाला लेहच्या विमानतळावर उतरलं की दोन दिवस डोकं धरून बसावं लागतं.

आपल्याकडे ते नोव्हेंबरपासून दिसू लागतात, डिसेंबर ते फेब्रुवारी भरात असतात आणि मार्चमध्ये निघतात. उजनीचं पाणी जसं मागे सरकतं तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यावर कोवळं गवत उगवतं, आणि शेतकरी गाळपेर करून हरभरा, गहू घेतात. हंसांसाठी हे मांडून ठेवलेलं ताट. ते बरेचदा संध्याकाळी चरायला शेतांकडे जातात आणि दुपार पाण्याच्या कडेला, एखाद्या बेटावर एका पायावर उभं राहून झोपेत काढतात. शेतकऱ्याला ते नकोसे वाटले तर त्याला दोष देऊ नका. कोवळं पीक त्याचं असतं. त्याच्या बांधावर उभं राहून हंसांच्या सौंदर्यावर प्रवचन देणारे पक्षीमित्र मी पाहिलेत. ते टाळा.

कलहंस: मोठा आणि गुलाबी चोचीचा

कलहंस पट्टकादंबापेक्षा मोठा आणि जाडजूड असतो. अंग करडं-तपकिरी, डोक्यावर पट्टे-बिट्टे काही नाही, मानेवर उभ्या खाचा पडल्यासारख्या दिसतात. आणि आपली कसोटी: चोच गुलाबी, पाय गुलाबी. उडाला की पंखाचा पुढचा भाग फिकट राखी चमकतो; एवढ्यावरूनही लांबून सांगता येतो. हा प्रामुख्यानं उत्तर भारताचा पाहुणा. भरतपूरला, पंजाबात, उत्तर प्रदेशातल्या पाणथळींवर चांगला दिसतो. महाराष्ट्रात तो अधूनमधून, एक-दोन किंवा चार-सहा असा, बऱ्याचदा पट्टकादंबांच्या थव्यात घुसलेला सापडतो. म्हणून पट्टकादंबांचा थवा दिसला की 'पाहिलेत हे' म्हणून पुढे जाऊ नका. एकेक डोकं मोजा. त्यातच एखादं गुलाबी चोचीचं सापडतं.

इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांसाठी एक तळटीप: तुमच्या तळ्यावरच्या कलहंसाची चोच नारिंगी असते. पश्चिमेकडची उपजात नारिंगी चोचीची, पूर्वेकडची गुलाबी चोचीची, आणि आपल्याकडे येतात ते पूर्वेकडचे. चूक तुमच्या डोळ्यांची नाही.

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जे पहिलं हलताना बघेल त्याला आई मानून मागे लागतं, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. कोनराड लॉरेन्झ यांनी ते दाखवलं या कलहंसांच्याच पिल्लांवर. १९७३ च्या नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी ते एक.

चोचीच्या मुळाशी कपाळावर पांढरा ठसा आणि पोटावर काळे आडवे ओरखडे असलेला हंस दिसला तर तो शुभ्रभाळी. भारतात फारच कमी येतो. असा दिसला तर आधी फोटो काढा, मगच कुणाला सांगा. फोटोशिवाय कुणी विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

फाटकापाशी धावून येणारे

पाळीव हंसांचीही दोन घराणी आहेत आणि ती ओळखणं सगळ्यात सोपं. कपाळाकडे पाहा.

चोच जिथे कपाळाला मिळते तिथे गाठ असेल, मान लांब आणि अंग ताठ उभं असेल, तर तो चिनी वंशाचा. त्याचा रानटी पूर्वज मंगोलिया आणि ईशान्य चीनकडचा हंस. यात दोन रंग: एक तपकिरी, मानेच्या मागून गडद पट्टा उतरलेला, गाठ व चोच काळी, दुसरा पूर्ण पांढरा, चोच नारिंगी. आपल्याकडच्या शेतांवर, रिसॉर्टांवर हाच जास्त दिसतो. गाठ नसेल, बूड जड आणि जमिनीला टेकल्यासारखं असेल, तर तो युरोपीय वंशाचा, म्हणजे वर सांगितलेल्या कलहंसाचा वंशज. एम्डेन आणि तुलूझ या त्यातल्या नावाजलेल्या जाती, चिनी हंसापेक्षा वजनानं बऱ्याच भारी.

तोंडावर लाल मस्सेदार कातडी असेल तर तो हंसच नाही. ते मस्कोव्ही बदक, मूळचं मध्य-दक्षिण अमेरिकेतलं. बाजारात ते कधीकधी हंस म्हणून गळ्यात मारतात.

पाळायचा विचार असेल तर चार गोष्टी आधी कानावर घाला. हा पक्षी वीसेक वर्षं जगू शकतो, तेव्हा कोंबडीसारखा हिशेब करू नका. त्याला चरायला गवत हवं. तळं नसलं तरी चालतं, पण डोकं पूर्ण बुडवता येईल एवढं खोल पाण्याचं भांडं हवंच, नाहीतर नाक आणि डोळे साफ राहत नाहीत. पिल्लांना नुसतं कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य पुरत नाही, नियासिन हे जीवनसत्त्व कमी पडून पाय अधू होतात. पावामुळेही कुपोषण होतं. मुलं प्रेमानं ब्रेड घालतात तेवढं थांबवा. रात्री बंद जागा द्या, कुत्री सोडत नाहीत. अंडी उबायला महिनाभर लागतो, आणि त्या काळात नर शेजाऱ्यांना रस्त्यानं जाऊ देत नाही. अनोळखी पाऊल वाजलं की गलका करणारा हा राखणदार दूधवाल्याला आणि चोराला सारखाच मान देतो. मान जमिनीलगत लांब करून फिस्कारत आला तर पळू नका, पाठही दाखवू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश बाजूला व्हा.

आणि रानटी हंसाला पकडून, पंख कापून पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. कुणी पट्टे असलेला हंस विकायला आणला तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.

तोतये

चक्रवाक हा नवख्यांचा पहिला फसवणारा. मोठा, केशरी-तपकिरी, डोकं फिकट, आवाजही आंग-आंग असा हंसासारखा, आणि काठावर जोडीनं उभा. पण कसोटी लावा: चोच काळी, पाय काळे, अंग भगवं. उडाला की पंखांवर मोठा पांढरा ठिगळ. बस्स. त्या दिवशी मी चोचीकडे पाहिलं असतं तर काकांसमोर लाज गेली नसती.

नकटा विदर्भातल्या तलावांवर आणि धानाच्या खाचरांत भेटेल. पाठ काळी, पोट पांढरं, डोक्यावर काळे ठिपके. नराच्या चोचीवर मोठी गाठ. नाकावर एवढा उंचवटा असलेल्या पक्ष्याला नकटा म्हणणाऱ्याची मला नेहमी कमाल वाटते.

काणूक. याच्या इंग्रजी नावात गूज आहे, म्हणून यादीत बघून लोक हंस शोधत बसतात. प्रत्यक्षात हा जेमतेम २६ सेंटिमीटरचा, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचा, जगातल्या सगळ्यात लहान पाणपक्ष्यांपैकी एक. झाडाच्या ढोलीत घरटं करतो. भंडारा-गोंदियाकडच्या कमळ-शिंगाड्यांच्या तलावांवर शोधा, आणि हंस म्हणून नोंदवू नका.

परदेशी राहत असाल तर

न्यू जर्सीच्या किंवा टोरांटोच्या हिरवळीवर जो पक्षी तुमच्या गाडीपुढे रांगेनं रस्ता ओलांडतो तो कॅनडा गूज. काळी मान, काळी चोच, काळे पाय आणि हनुवटीखालून गालावर चढलेली पांढरी पट्टी. हुबेहूब तसाच पण लहान, आखूड चोचीचा दिसला तर तो वेगळी जात असू शकतो. २००४ मध्ये पक्षीशास्त्रज्ञांनी त्याला कॅकलिंग गूज म्हणून वेगळा काढला. कापलेली हिरवळ आणि जवळ पाणी, म्हणजे त्यांना स्वर्गच. म्हणून बरेचसे आता स्थलांतरच करत नाहीत. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून उडालेलं विमान इंजिनात पक्षी शिरून हडसन नदीत उतरवावं लागलं. ते पक्षी हेच. विमानातले १५५ जण वाचले.

पांढरं अंग आणि पंखांची टोकं काळी असतील तर तो स्नो गूज. त्याचाच एक गडद राखी अवतार पांढऱ्या डोक्याचा असतो. तो वेगळी जात समजू नका. युरोपात काळी मान आणि पूर्ण पांढरा चेहरा दिसला तर बार्नॅकल गूज. लंडनच्या उद्यानात डोळ्याभोवती तपकिरी डाग असलेला 'इजिप्शियन गूज' म्हणतात तो तर आपल्या चक्रवाकाचा भाऊबंद, खरा हंस नव्हेच.

आता प्रत्यक्ष जा

पुण्याजवळच्यांना भिगवण बरं. सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर, रेल्वे स्थानकही आहे. कुंभारगाव, डिकसळ या गावांतून होड्या मिळतात. नाशिककरांनी निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जावं. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळची ही जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ. संभाजीनगर, अहिल्यानगरकडच्यांना पैठणचा नाथसागर, जळगावला हतनूर.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. १०×५० घेतली तर होडीत हात थरथरून उलट कमी दिसतं. सूर्य वर यायच्या आधी पोहोचा, कारण रात्री शेतात चरलेले हंस सकाळी पाण्याकडे परततात, आणि हा परतीचा थवा डोक्यावरून जाताना जे दिसतं ते दुपारी झोपलेल्या हंसांत नाही. फिकट, मळखाऊ कपडे घाला. होडीवाल्याला इंजिन लांबूनच बंद करायला सांगा. ते ऐकतात, जवळ नेण्याचा हट्ट बहुतेक वेळा आपलाच असतो.

किती जवळ जायचं याचं माप हंसच देतात. चरणारा थवा खाली माना घालून असतो, एखाददुसरा मान वर करून पहारा देतो. एकदम निम्म्या माना वर झाल्या की थांबा. सगळे एकाच दिशेला चालू लागले की मागे या. उडाले तर तुम्ही चुकलात, आणि त्यांनी रात्रभर खाल्लेलं त्या उड्डाणात गेलं. ड्रोन घरी ठेवा. काठावर उतरून चालत जाऊ नका, वरून सुकलेला दिसणारा उजनीचा गाळ आत मांडीपर्यंत घेतो. माझा एक बूट अजून तिथेच आहे.

मेलेला किंवा लुळा पडलेला हंस दिसला तर हात लावू नका. बर्ड फ्लूची लागण या पक्ष्यांना होते. २०२१ च्या सुरुवातीला हिमाचलातल्या पाँग धरणावर हजारो पाणपक्षी त्यानं मेले आणि त्यांत बहुसंख्य पट्टकादंबच होते. जागा लक्षात ठेवा, वनखात्याला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

मोजणी दहा-दहाच्या गठ्ठ्यानं करा. दहा पक्षी किती जागा व्यापतात ते आधी नजरेत बसवा, मग तेवढे तेवढे तुकडे पाडत जा. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, एकूण किती, बिनपट्ट्याचे किती. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर ते इतरांच्याही कामी येतं. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे. तिथे अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून एक सकाळ काढली की वर्षभराचं वाचन वसूल होतं.

शेवटचं, माना पुन्हा एकदा तपासा, या वेळी पट्ट्यांसाठी नाही. एखाद्याच्या गळ्यात रंगीत प्लास्टिकचं कडं असतं, त्यावर मोठी अक्षरं आणि आकडे. मंगोलियात किंवा आपल्याकडे संशोधकांनी अडकवलेलं. कड्याचा रंग, अक्षरांचा रंग आणि ती वरून खाली ज्या क्रमानं येतात तो क्रम, तिन्ही लिहून घ्या, धूसर का होईना फोटो काढा, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. तो पक्षी कुठल्या तळ्यावर, कुठल्या वर्षी पकडला होता ते त्यावरून शोधता येतं. आम्हाला असं एक कडं दिसलं तेव्हा दुर्बीण काकांच्या हातात होती, आणि आकडे त्यांनीच वाचले.